अकरा गावांचा पाऊस

१

बुधवारी सकाळी पावणेनऊला शिवकन्या घुगेचा फोन वाजला आणि पलीकडून राजानंद साळवे सर एवढंच म्हणाले, "ताई, आमचा पाऊस चोरीला गेला."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला चहा तसाच ठेवून ती गाडीत बसली.

शिवकन्या जालन्याच्या संगम डेटावर्क्समध्ये नोकरीला होती. बियाण्यांच्या दुकानांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या अण्णासाहेब डोंगरेंनी ही कंपनी उभी केली, आणि ती वाढली ती दुसऱ्यांच्या कंपन्या विकत घेत घेत. परतूरची लिलावाचं सॉफ्टवेअर करणारी, वडीगोद्रीची मोबाइलवरून ठिबक चालवणारी, अशा चौदा वर्षांत नऊ कंपन्या पोटात गेल्या होत्या. घ्यायच्या कंपनीत आधी जाऊन खुर्च्या, मशिनी, वह्या, माणसं मोजायची, हे शिवकन्येचं काम. लोक तिला पाठीमागं 'मोजणीबाई' म्हणत. ती मोजून गेली की काही महिन्यांत दारावरची पाटी उतरते, असा सगळीकडचा अनुभव होता.

दहावी कंपनी जाफराबादची 'शिवारनोंद'. साळवे सर तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. बारा वर्षांपूर्वी त्यांनी छत्तीस गावांत एकेका शेतकऱ्याच्या अंगणात पाऊस मोजायचं भांडं बसवलं. रोज सकाळी तिथला आकडा फोनवरून यायचा, वहीत चढायचा, मशीनमध्ये जायचा, आणि मग हजारो शेतकऱ्यांना फोनवर आवाज यायचा : आज पेरा, आज फवारू नका. अण्णासाहेबांना शिवारनोंदची खोली नको होती की खुर्च्या नको होत्या. त्यांना ते बारा वर्षांचे आकडे हवे होते. शुक्रवारी दुपारी बाराला सही ठरलेली.

आणि आता मशीनमधल्या दोन्ही हार्ड डिस्क गायब होत्या. कपाटातली बॅकअपची जोडडिस्कही गेली होती. दोन्ही दारांची कुलपं शाबूत.

जाफराबादला पोचल्यावर शिवकन्या ऑफिसच्या आतल्या खोलीत बराच वेळ उभी राहिली. एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. आकडे चोरायचेच असते तर कोणीही गुपचूप कॉपी करून नेले असते, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. इथं चोरानं डिस्कच उचलून नेल्या होत्या. म्हणजे त्याला आकडे नको होते. ते दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नयेत, एवढंच त्याला हवं होतं.

तिनं अण्णासाहेबांना फोन लावला.

"पोलिसांत बिलकुल जायचं न्हाई," ते म्हणाले. "पेपरात आलं तर नऊच्या नऊ कंपन्यांचे गिऱ्हाईक आपल्याला प्रश्न विचारतील. शुक्रवारपर्यंत तूच शोध." मग जरा थांबून ते म्हणाले, "आणि शिवकन्या, काल भुजंग तिथं तपासणीला गेल्ता. आपला माणूस म्हणून त्याला सोडू नको."

संगमच्या तांत्रिक विभागाचा प्रमुख भुजंग तौर. अण्णासाहेबांना स्वतःच्याच माणसाचं नाव इतक्या जल्दी कसं सुचलं, याचा विचार करत तिनं फोन ठेवला.

२

साळवे सर बाहेरच्या खोलीत बसले होते. साठी ओलांडलेला माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं.

"कोणावर संशय हाय, सर?"

"माझ्या सोळा माणसांपैकी कोणावरच न्हाई. ताई, ही कंपनी भरवशावर चालती. आमचे गावोगावचे लोक बघा. वडाच्या वाडीचा रखमाजी घ्या. बारा वर्षांत एक खाडा न्हाई. पोराच्या लग्नादिवशी हळदीच्या हातानं भांडं बघून आकडा कळवलाय. परवाच्या सोमवारीसुद्धा चौदा मिलिमीटर दिला गड्यानं. अशा माणसांच्या जिवावर मी झोपतो."

"मंग विकायला का काढली?"

"वय झालं. बैठका, कागदं, आता झेपत न्हाई."

"काल भुजंगसाहेब काय म्हणाले?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. "काही न्हाई. मशीन तपासलं न् गेले." आतापर्यंत घडाघडा बोलणारा माणूस एकदम आखडला, हे शिवकन्येनं मनात टिपलं.

फोनची खोली दैवशाला सांभाळायची. पंचेचाळिशीची, नीटनेटकी बाई. अकरा वर्षं रोज सहाला येऊन ऑफिस तीच उघडायची, छत्तीस गावांचे आकडे फोनवर घ्यायची, वहीत लिहायची आणि मशीनमध्ये भरायची. तिनं शिवकन्येपुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"आतल्या खोलीची किल्ली घड्याळामागच्या खिळ्याला असती, मॅडम. सगळ्याइला ठाऊक हाय. मी सहाला आले तशी फोनला बसले, तिकडं गेलेच न्हाई. साडेआठला पायल आली, तिनं पाह्यलं."

"काल काही वेगळं घडलं?"

दैवशालानं आठवल्यासारखं केलं. "जेवताना सर, पायल, आम्ही सगळे बसलो हुतो, तवा भुजंगसाहेब म्हणले, सही झाली की आपले आकडे उपग्रहाच्या फोटोसंगं ताडून बघणार. खोटा आकडा एक मिनिट टिकणार न्हाई म्हणले. ते ऐकून पायलचा घास हातातच राह्यला." ती हळू आवाजात पुढं म्हणाली, "मी कोणाचं नाव घेत न्हाई. पाह्यलं ते सांगितलं."

पायल मगरे म्हणजे शिवारनोंदचं सॉफ्टवेअर लिहिणारी मुलगी. ती आज सकाळीच डोकं दुखतंय म्हणून घरी निघून गेली होती.

शिवकन्या सवयीनं कपाटाकडं वळली. मागच्या पंधरवड्यात तिनं स्वतः मोजणी केली होती : लाल कापडी पुठ्ठ्याच्या बारा वह्या, प्रत्येक वर्षाची एक. शिवाय चालू वर्षाची फोनच्या खोलीत. तिनं पुन्हा मोजल्या. बराबर बारा. कपाट लावता लावता तिचा हात थांबला. शेवटच्या वह्यांच्या कडा फारच कोऱ्या दिसत होत्या. तिनं एक उघडली. मग दुसरी. पहिल्या सात वह्या आकड्यांनी भरलेल्या होत्या. पुढच्या पाच वह्यांत एक अक्षर नव्हतं.

३

म्हणजे चोराला बारा वर्षांचं काही घेणंदेणं नव्हतं. त्याला शेवटची पाच वर्षं नाहीशी करायची होती. डिस्कमध्ये ती वेगळी काढता येत नाहीत, म्हणून सगळंच उचललं. वह्या मात्र निवडून नेल्या, आणि त्यांच्या जागी कोऱ्या ठेवल्या.

गुरुवारी सकाळी भुजंग जाफराबादला आला. शिवकन्येनं त्याला बसस्टँडसमोरच्या हॉटेलात गाठलं.

भुजंग मूळचा परतूरचा. लिलावाचं सॉफ्टवेअर त्यानं स्वतः लिहिलेलं. संगमनं त्याची कंपनी घेतली, त्याला मोठी खुर्ची दिली, आणि आठ महिन्यांत परतूरच्या दारावरची पाटी काढली. त्या दिवशी त्याच्या खुर्च्या मोजायला शिवकन्याच गेली होती. तेव्हापासून दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत.

"तुम्ही मंगळवारी साळवे सरांना काय सांगितलं?"

"तपासणीचं."

"सर ते सांगताना खिडकीबाहेर बघत होते."

भुजंगनं कप खाली ठेवला.

"मी त्यांना म्हणलो, विकू नका," तो म्हणाला. "माझ्या कंपनीचं काय झालं ते सांगितलं. अण्णासाहेबांच्या कानावर गेलं तर माझी नोकरी जाईल. जाऊ द्या. पण व्यवहार मोडायला मी डिस्क चोरीन, असं वाटतंय का तुम्हाला?"

"चोरल्या असत्या तर व्यवहार मोडलाच असता."

"आणि सरांची बारा वर्षं मातीत गेली असती. ज्या माणसाला मी वाचवू राह्यलो, त्याचंच घर मी कशाला जाळू?"

त्यात तथ्य होतं. शिवाय त्याला पाच वर्षांच्या वह्या निवडून काढायचं काय कारण? त्या कपाटात वह्या आहेत हेही त्याला माहीत नसावं. शिवकन्या उठली, तेव्हा भुजंग म्हणाला, "थांबा. एक गोष्ट मी कोणालाच सांगितली न्हाई. मशीनमध्ये नोंद असती, कोणी काय केलं त्याची. मंगळवारी मी ती बघितली. अकरा दिवसांमागं कोणीतरी सगळेच्या सगळे आकडे बाहेर काढून नेलेत."

"कोणी?"

"पायल मगरे."

४

पायल घरीच होती. शिवकन्येला दारात बघून तिनं आईला आतल्या खोलीत पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"तुझ्याकडं आकडे हायेत," शिवकन्या म्हणाली.

पायलनं नाही म्हटलं, पुन्हा एकदा नाही म्हटलं, आणि मग पर्समधून एक छोटी डिस्क काढून तिच्यापुढं ठेवली. "सगळे हायेत. बारा वर्षांचे."

"मंग काल सांगितलं का न्हाई? तिकडं सर डोकं धरून बसलेत."

"करारात लिहिलंय, सही होईपर्यंत आकड्यांची कॉपी ऑफिसाबाहेर न्यायची न्हाई. नेली तर व्यवहार रद्द. आणि..." तिचा आवाज बारीक झाला. "आणि मला वाटलं, डिस्क सरांनीच लपवल्या असतील."

शिवकन्या तिच्या समोर बसली. "नीट सांग."

"दोन वर्षांमागं वडाच्या वाडीची तक्रार आल्ती. फोनवर पेरा म्हणलं, लोकांनी पेरलं, उगवलंच न्हाई. मी आकडे काढून बसले. त्या गावाचा आकडा रोज शेजारच्या गावाचाच होता, दोन कमी न्हाई तर दोन जास्त. मंग बाकीची गावं पाह्यली. छत्तीसमधल्या अकरा गावांचं तसंच. कुठं पाच वर्षांपासून, कुठं तीन, वडाच्या वाडीचं त्याच सालापासून. मॅडम, ढग असं दोनदोनच्या हिशेबानं पडतेत का?"

"कोणाला बोललीस?"

"कोणाला बोलू? मला सरांनी शाळेत शिकवलंय. तेच खोटं करत असतील तर मी त्यांना काय विचारू? मी फक्त एवढंच केलं, त्या अकरा गावांचे आकडे हिशेबातून काढून टाकले. दोन वर्षांपासून त्या गावांना खऱ्या गावांच्या आकड्यांवरून सल्ला जातो. मंग विकायची बोलणी सुरू झाली, तवा पुरावा म्हणून कॉपी करून ठेवली."

शिवकन्येनं तिच्याकडून अकरा गावांची यादी घेतली. डिस्क परत तिच्याच हातात ठेवली. जिनं आकडे जपून ठेवले, ती ते नाहीसे करणारी नव्हे. चोर आणि आकडे खोटे करणारा, दोन्ही एकच माणूस असणार. भुजंगचं जेवतानाचं बोलणं ऐकून तो घाबरला. आणि ते जेवण चाललं होतं तेव्हा सरही तिथंच होते.

तिनं यादीवर नजर टाकली. तिसरंच नाव वडाची वाडी. पुढं कंसात मोजणाऱ्याचं नाव : रखमाजी.

ज्याचा बारा वर्षांत एक खाडा नाही, असं सर छातीवर हात ठेवून सांगत होते, तो रखमाजी.

५

वडाच्या वाडीला पोचायला दुपार झाली. दोन्ही बाजूंना कपाशी मांडीएवढी झालेली. रखमाजीचं घर विचारल्यावर दुकानातल्या माणसानं तिच्याकडं जरा चमकून बघितलं आणि बोटानं दाखवलं.

अंगणात एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिनं आपलं नाव साळूबाई सांगितलं आणि बसायला पोतं सरकवलं.

"रखमाजीबाबा हायेत का, मावशी?"

साळूबाईनं सोलायचं थांबवलं. "तुम्ही कुठून आल्या, बाई? त्यायला जाऊन दोन वर्षं झाली. चैत्रात गेले."

सोमवारी चौदा मिलिमीटर. दोन वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या नावानं.

"आणि ते पावसाचं भांडं?"

"माळ्यावर ठेवलं. कोण बघणार? त्या मशीनचा फोन मातर येतो रोज. ते गेले त्या साली फोन म्हणला, वाडीला पाऊस बक्कळ झाला, पेरा. ढेकूळसुद्धा ओलं नव्हतं. आम्ही पेरलं न्हाई, पण भिवानं पेरलं, निम्म्या वाडीनं पेरलं. सगळ्याइला दुबार पेरावं लागलं. लोक मलाच बोलू राह्यले, तुमच्या म्हाताऱ्याच्या भांड्यानं घात केला म्हणून. मेलेला माणूस काय घात करतो, बाई?"

"साळवे सर आले होते का, ते गेले तेव्हा?"

"न्हाई. लई वाट पाह्यली. त्यायचा लई जीव सरावर."

म्हणजे सरांना ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर मेलेल्या माणसाचा दाखला कुणी मोजणीबाईपुढं स्वतःहून दिला नसता. शिवकन्येनं शेवटचा प्रश्न विचारला, आणि विचारतानाच उत्तर काय येणार याची तिला धास्ती वाटली.

"ऑफिसातलं दुसरं कोणी?"

"आल्ती की. ती फोनवाली बाई. रोज सकाळी ह्यायच्याशी बोलायची ती. दहाव्याला आल्ती, माझ्या गळ्यात पडून रडली."

६

शुक्रवारी सकाळी सहाला दैवशालानं ऑफिस उघडलं, तेव्हा शिवकन्या पायरीवर बसलेली होती. दैवशाला तिच्या शेजारून आत गेली. तिनं उदबत्ती लावली, चालू वर्षाची वही उघडली आणि फोन उचलला.

शिवकन्या शेजारी खुर्ची घेऊन बसली. एकेक गाव झालं. "राम राम दादा, किती झाला? सहा? बरं." दैवशाला लिहायची, पुढचा नंबर फिरवायची. दुसरं गाव झालं आणि तिसऱ्या रकान्याशी तिचं पेन थांबलं.

"लावा ना फोन," शिवकन्या म्हणाली. "वडाची वाडी."

पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"मी काल साळूबाईंकडं जाऊन आले, ताई."

दैवशालानं पेनाला टोपण लावलं.

"सरांना रखमाजी गेल्याचं अजून माहीत न्हाई," शिवकन्या शांतपणे म्हणाली. "भुजंगनं रखमाजीचं नावच ऐकलेलं न्हाई. पायलला आकडे खोटे आहेत हे कळलं, पण का ते कळलं न्हाई. तो माणूस मेलाय हे माहीत असून त्याच्या नावचा पाऊस लिहिणारं या ऑफिसात एकच जण हाय. परवा तुम्ही माझं लक्ष पायलकडं वळवलं. पण तिचा घास हातात राह्यला हे दिसलं, म्हणजे तुमचंही जेवण थांबलेलं होतं."

बाहेरून पहिली एसटी गेली.

"एक माणूस गेला की दुसरा शोधायचा असतो," दैवशाला म्हणाली. "ते सरांचं काम. आधी सर मोटारसायकलवर गावोगाव फिरायचे. मंग कंपनी मोठी करायच्या बैठका सुरू झाल्या. मी दोनदा सांगितलं, सर, अमक्या गावचा माणूस पुण्याला गेला, तमक्याचा फोन लागत न्हाई. बघू म्हणले. इकडं रकाना रिकामा राह्यला की मशीन त्या गावाला फोनच करत न्हाई. लोक मला विचारायचे, बाई, आमचा फोन का बंद केला? मी म्हणलं एक दिवस शेजारचा आकडा टाकू. एका दिवसाचे पाच वर्षं झाले."

"आणि रखमाजीबाबा?"

"त्यायचं सरांना सांगायचंच हुतं. दहाव्याहून आले तवा सर जालन्याला गेल्ते. आल्यावर सांगू म्हणलं. मंग धीरच झाला न्हाई. त्यायच्या जागी नवा माणूस बघितला असता तर बाकीची दहा गावंबी निघाली असती. आणि मंग ती दुबार पेरणी. ते कळल्यावर मी आठ दिवस जेवले न्हाई, मॅडम. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आकडा लिहिलाच."

"डिस्क कुठं आहेत?"

"घरी. सोयाबीनच्या पोत्यात. वह्याबी तिथंच, त्यायच्या जागी कोऱ्या लावून ठेवल्या. बुधवारी फोन उरकल्यावर पिशवीत घालून, दळणाचं निमित्त करून नेल्या. फोडायच्या म्हणून दगड घेतला हातात." तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "अकरा वर्षं मीच लिहिलंय ते. हात उठला न्हाई."

७

बारा वाजता अण्णासाहेब आले. टेबलावर करार होता, शेजारी तीन डिस्क आणि पाच लाल वह्या. शिवकन्येनं त्यांना आणि सरांना एकाच वेळी सगळं सांगितलं. पायलची कॉपीही सांगितली. भुजंगनं सरांना काय सल्ला दिला ते मात्र तिनं सांगितलं नाही. चोरीशी त्याचा संबंध नव्हता. दैवशाला भिंतीला टेकून उभी होती.

अण्णासाहेब व्यवहारी माणूस. त्यांनी क्षणभर विचार केला. "पंचवीस गावं तर खरी हायेत ना? मंग अकरा काढून टाका. त्या बाईला आजच्या आज घरी पाठवा. आपण सही करू."

सरांनी ते ऐकलंच नसावं. ते शिवकन्येकडं बघत होते. "रखमाजी कशानं गेला?"

"छातीत दुखलं म्हणे. चैत्रात."

"दोन वर्षं," सर म्हणाले. "दोन वर्षं मी त्याचं नाव सांगत फिरतोय." त्यांनी करार मिटून अण्णासाहेबांपुढं सरकवला. "चोरी दैवशालानं केली. पण तिनं दोनदा सांगितलं, ते मी ऐकलं न्हाई. आधी मी त्या अकरा गावांत जाऊन येतो. त्या लोकांना खरं काय ते सांगतो. भांडी पुन्हा बसवतो. मंग सहीचं बोलू."

"तोपर्यंत मी थांबीन असं कोण म्हणलं?"

"मंग नका थांबू."

अण्णासाहेबांनी नऊ कंपन्या घेतल्या होत्या, पण समोरचा माणूस करार परत सारतोय असं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच बघितलं असावं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि शिवकन्येला म्हणाले, "महिनाभर. त्यापुढं एक दिवस न्हाई. तू इथंच राहा, आणि अकराच्या अकरा गावं स्वतः मोजून ये."

त्याच दुपारी शिवकन्येच्या गाडीत सर पुढं बसले आणि दैवशाला मागं. गाडी वडाच्या वाडीला निघाली.

साळूबाईनं तिघांना बसवलं. दैवशालानं सगळं सांगितलं. काहीही मागं ठेवलं नाही, दुबार पेरणीसुद्धा नाही. सर खाली मान घालून बसले होते. म्हातारी ऐकत राहिली. तिचा चेहरा वाचता येत नव्हता, आणि शिवकन्येला वाटलं, आता ही उठून तिघांना हाकलून देईल.

"म्हणजे तुझ्या वहीत ते दोन वर्षं जास्त जगले," साळूबाई शेवटी म्हणाली.

दैवशालाला हुंदका फुटला.

"रडू नको. भिवाच्या घरी जाऊन सांग हे सगळं. आत्ताच जा. मलाच बोलणी बसलीत तुझ्यापायी." दैवशाला उठली, पदर सावरत फाटकाबाहेर गेली. साळूबाई तिच्या पाठीकडं बघत राहिली, मग सरांकडं वळली.

"भांडं माळ्यावरून खाली काढा, गुर्जी. आणि वहीत त्यायचं नाव खोडा. माझं लिहा. आकडे वाचता येतेत मला."